जाळ बसू दे, मग ठेव: थेट निखाऱ्यावरचं मांस जळत का नाही?

हल्ली फोनवर एक व्हिडिओ फिरताना दिसतो. धगधगते कोळसे पसरलेले असतात. जाळी नाही, सळई नाही, तवा नाही. माणूस मांसाचा जाड तुकडा उचलतो आणि सरळ निखाऱ्यांवर टाकतो. चर्र आवाज होतो, दोन मिनिटांनी तो उलटतो, राख झटकतो, कापतो, तर आतून तुकडा गुलाबी आणि रसरशीत. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा लगेच तीन प्रश्न आले. हे जळत कसं नाही? राख पोटात जाते त्याचं काय? आणि मुंबईच्या काकांचा ठरलेला प्रश्न: यानं कॅन्सर होतो ना?

वेंगुर्ल्याच्या आजीला मी तोच व्हिडिओ दाखवला. तिनं फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्यात नवीन काय? सुको बांगडो आमी खंय जाळयेर भाजतंव?"

खरंच आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत, बाहेर धो धो पाऊस आणि ताटात उकड्या तांदळाची पेज असते, तेव्हा सुका बांगडा चुलीतल्या निखाऱ्यांवर थेटच ठेवला जातो. मग तो झटकायचा, साल काढायची, चुरायचा, वर कच्चा कांदा आणि खोबरेल तेलाची धार. त्यात काही चमत्कार आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. तोच प्रकार मटणाच्या तुकड्याशी केला की मात्र आपण दचकतो.

जाळ वेगळा, निखारा वेगळा

मराठीत आगीसाठी शब्दांची वाण नाही. जाळ, विस्तव, निखारा, इंगळ, फुफाटा, धग, झळ. घरात गॅस आला आणि या सगळ्यांची मिळून एकच 'आग' उरली. गोंधळ तिथून सुरू होतो.

लाकूड तापलं की आधी त्यातला ओलावा निघून जातो. मग त्याचं विघटन होऊन वायू बाहेर पडतात आणि ते हवेत पेटतात. तो जाळ. पिवळा, नाचरा, टोपाच्या बुडाला काजळी धरणारा. वायू संपले की मागे राहतो तो जवळपास निव्वळ कार्बन. त्याला ज्योत जवळजवळ नसते. तो आपल्या अंगावरच लाल होत धुमसत राहतो. तो निखारा. डोळ्यांत जाणारा धूर हा बहुतेक पहिल्या अंकातला असतो, दुसऱ्या अंकात तो फारसा उरत नाही.

बाजारातला लाकडी कोळसा म्हणजे हा पहिला अंक आधीच उरकून ठेवलेलं लाकूड. भट्टीत लाकडं रचून, माती लिंपून, हवा जेमतेम पोचेल इतकीच ठेवून ती दिवसेंदिवस भाजतात. पारंपरिक भट्टीत १०० किलो सुक्या लाकडातून साधारण २० ते २५ किलो कोळसा हाती लागतो. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन या भट्ट्यांवर राबत आली आहेत. पार्टीचा कोळसा स्वस्त पडतो तेव्हा त्यामागे कुणाची तरी मजुरीही स्वस्त पडलेली असते, हे जाता जाता.

आजीचा नियम एका वाक्याचा आहे: "जाळ बसांदे आधी, मगे बांगडो ठेव." थेट निखाऱ्यावर भाजण्याचं निम्मं शास्त्र या वाक्यात येतं. उरलेलं निम्मं जरा उकलून सांगावं लागेल.

शिरगावचे धोंड आणि गल्ल्यातली रोकड

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लईराई देवीची जत्रा भरते. तिथे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवू. पण त्यात पदार्थविज्ञानाचाही एक भाग आहे आणि नेमका तोच आपल्या मटणाला लागू पडतो.

एखादी वस्तू किती तापली आहे आणि ती आपल्याला उष्णता किती झपाट्यानं देऊ शकते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तव्यावरचं लोखंडी उलथनं आणि त्याची लाकडी मूठ दोन्ही तापलेली असली, तरी चटका लोखंडाचा बसतो. कारण लोखंडातली उष्णता आतून धावत बोटापर्यंत येते, लाकडातली रेंगाळते. कोळसा या बाबतीत लाकडाच्या जातीचा. तो सच्छिद्र असतो, हलका असतो, उष्णता वाहून न्यायला मठ्ठ असतो आणि वरून राखेची दुलई पांघरलेला असतो.

निखारा म्हणजे नावाचा सावकार समजा. दबदबा ७०० अंशांचा, पण गल्ल्यात रोकड थोडी. थंड, ओली वस्तू त्याला टेकली की टेकल्या जागची रोकड क्षणात संपते, आणि आतून नवी यायला वेळ लागतो. पटत नसेल तर तुकडा उलटताना खाली बघा. जिथे मांस टेकलं होतं तिथले कोळसे काळे पडलेले असतात आणि वारा लागला की पुन्हा लाल होतात. तापलेला बिडाचा तवा तेवढा गरम नसतो, पण त्याचा गल्ला भरलेला असतो. म्हणून तो निखाऱ्यापेक्षा गार असूनही चिकटलेल्या जागी सलग, एकसारखा चटका देतो.

(हे वाचून कुणी निखाऱ्याला बोट लावू नये. धोंड थांबत नाहीत, चालत राहतात.)

मग भाजतं कसं?

दोन कोळशांच्या मधल्या फटींतून. निखारा स्पर्शानं कंजूष असला तरी झळ द्यायला उदार आहे. ही झळ म्हणजे उन्हासारखीच, हवेला न विचारता सरळ येऊन पडणारी उष्णता, आणि तापमान वाढलं की ती बेसुमार वाढते. शास्त्रज्ञ तापमान केल्विनमध्ये मोजतात, म्हणजे आपल्या अंशांत २७३ मिळवायचे. तवा २२७ अंशांवर असेल तर ते झाले ५०० केल्विन, निखारा ७२७ अंशांवर असेल तर १००० केल्विन. तापमान दुप्पट, पण झळ सोळापट. चौथ्या घाताचा हा नियम आहे.

इतकी झळ खाऊनही मांस लगेच कोळसा होत नाही, कारण त्याच्या अंगात पाणी असतं. कच्च्या मांसाच्या वजनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. शाळेत कागदाच्या द्रोणात पाणी उकळवून दाखवायचे ते आठवा. कागद पेटत नाही, कारण पाणी असेपर्यंत तो १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. शिवाय खोलीतल्या पाण्याला उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. निखाऱ्याचा सुरुवातीचा सगळा जोर तुकड्याच्या वरच्या थरातलं पाणी उडवण्यात खर्ची पडतो.

तो थर सुकला की तापमान चढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे खरी गंमत जोर धरते. मांसातली प्रथिनांची घटकद्रव्यं आणि साखरा एकमेकांशी जुळतात, रंग तपकिरी होतो, वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या घडामोडीचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरचे तपकिरी डाग, भाजलेले शेंगदाणे आणि वाटपासाठी कांदा-खोबरं भाजताना शेजारच्या घरापर्यंत जाणारा वास यांच्यामागेही बऱ्याच अंशी हीच करामत. तव्यावर ती हळूहळू होते, निखाऱ्यावर मिनिटभरात. बाहेर कवच तयार होतं तेव्हा आतल्या भागाला अजून पुरती खबरही लागलेली नसते.

म्हणून तुकडा ठेवण्याआधी फडक्यानं कोरडा करायचा. ओला असेल तर निखाऱ्याची ताकद पाणी हाकलण्यात जाते, आणि ओल्या अंगाला राख चिकटते ते वेगळंच.

जाळीवर ठेवणं जास्त सुरक्षित नाही का?

मलाही असंच वाटायचं. जाळीवर मांस कोळशापासून वीतभर वर असतं. चरबी वितळून खाली टपकते, निखाऱ्यावर पडते, तिची वाफ होते आणि मधल्या मोकळ्या हवेत ती भडकते. म्हणजे बसवलेला जाळ आपण पुन्हा उठवला. त्या जाळाची काजळी आणि धूर मांसावर जाऊन बसतात.

तुकडा थेट निखाऱ्यांवर सपाट पडला की त्याच्या खाली हवेला जागाच फारशी राहत नाही. पणतीवर वाटी पालथी घातली की ती विझते, तसाच प्रकार. चरबी खाली जातेच, पण भडकायला हवा अपुरी पडते. भडका उडाला तर कडेनं उडतो. चरबीचा जाड पट्टा आधीच कापून टाकला तर तेवढाही उडत नाही.

ही युक्ती रीलवाल्यांनी शोधलेली नाही, हेही सांगून टाकतो. १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले आयझेनहॉवर बीफचा जाड तुकडा असाच कोळशांत टाकून भाजण्याबद्दल प्रसिद्ध होते. आणि त्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे फणसाच्या आठळ्या फुफाट्यात जात होत्या.

"भाजल्यानं रस आत कोंडला जातो"

हे वाक्य बहुतेक प्रत्येक स्वयंपाकाच्या व्हिडिओत ऐकू येतं आणि ते चूक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली ही कल्पना मांडली आणि ती लोकांना इतकी आवडली की पुढच्या प्रयोगांनी खोटी ठरवूनही ती मरत नाही. चर्र हा आवाज कशाचा, एवढा विचार केला तरी पुरे. तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आवाज आहे. रस कोंडला गेला असता तर तुकडा मुकाट भाजला असता. कवच चवीसाठी असतं. रस टिकतो तो आतला भाग जास्त न शिजवल्यामुळे, आणि उतरवल्यावर पाच मिनिटं न कापता ठेवल्यामुळे.

राख पोटात गेली तर?

थोडीशी जाईलच. लाकडाची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार, तीच राख जिनं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडी घासली. भाकरीला, भाजलेल्या वांग्याला, कणसाला ती लागतच आलेली आहे. निखाऱ्यांवर पुठ्ठ्यानं जोरात वारा घातला की सुटी राख उडून जाते, उरलेली तुकडा झटकल्यावर. चव किंचित खारट-तुरट लागेल एवढंच.

खरा प्रश्न राखेचा नाही, कोळशाचा आहे. जाळी असते तेव्हा कोळसा कसाही असला तरी तो निदान अन्नाला शिवत नाही. इथे तो शिवतो. त्यामुळे दगडी कोळसा अजिबात नको, त्यात गंधक आणि जड धातू असतात. भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्याही नकोत. त्यांत चिकटवण्यासाठी काय घातलंय आणि लवकर पेटावं म्हणून काय, हे पाकीट नेहमी सांगत नाही. रॉकेल ओतून पेटवायचं नाही. आणि किनाऱ्यावर हमखास होणारी चूक म्हणजे मोडक्या होडीची फळी. फुकटचं सुकं लाकूड दिसतं, पण त्यात रंग, डांबर आणि वर्षांचं तेल मुरलेलं असतं.

आपल्याकडे चांगल्या गोष्टी भरपूर आहेत. सुरूचं लाकूड कडक निखारा देतं. करवंटी तर उत्तमच. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला कार्बन बऱ्याचदा करवंटीच्या कोळशापासूनच केलेला असतो, इतका तो स्वच्छ करता येतो. मात्र करवंटी पेटताना तेलकट, काळा धूर सोडते. तो पूर्ण संपेपर्यंत थांबायचं. पुन्हा आजीचाच नियम.

काकांचा प्रश्न: कॅन्सर

या प्रश्नाला हसून चालणार नाही. मांस फार तापलं की दोन प्रकारची घातक द्रव्यं तयार होऊ शकतात. एक प्रकार धुरातून येतो, चरबी किंवा लाकूड अर्धवट जळल्यानं. गाडीच्या आणि सिगारेटच्या धुरात असतात त्याच कुळातली ही द्रव्यं, त्यांतलं बेन्झोपायरीन सगळ्यात बदनाम. दुसरा प्रकार खुद्द मांसातल्या द्रव्यांपासून, प्रखर उष्णतेत जास्त वेळ राहिल्यानं, आणि काळ्या झालेल्या भागात जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात (कॅन्सर होतो हे सिद्ध) आणि लाल मांस २अ गटात (बहुधा होतो) टाकलं. बोकडाचं मटणही लाल मांसातच येतं. पण हे गट वाचताना घोटाळा होतो. साक्षीपुरावा किती पक्का आहे, हे गट सांगतो. गुन्हा केवढा मोठा आहे, हे तो सांगत नाही. सिगारेट आणि सॉसेज एकाच गटात आहेत म्हणून दोन्ही सारखीच घातक ठरत नाहीत.

आणि त्याच संस्थेच्या त्याच २अ गटात आणखी एक नोंद आहे: घरात लाकूडफाटा जाळल्याचा धूर. वर्षातून चार वेळा निखाऱ्यावरचं मांस खाणाऱ्या काकांची मला फार काळजी वाटत नाही. चाळीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकून ज्यांनी त्यांना वाढवलं, त्यांची वाटते.

तरी धोका कमी करायचे उपाय सोपे आहेत. जाळ आणि धूर पूर्ण बसू द्या. चरबी काढा. तुकडा वरचेवर उलटा. काळं पडलेलं खरवडून टाका, तपकिरी ठेवा. आंबट आणि लसणाचं मुरवण लावल्यानं दुसऱ्या प्रकारची द्रव्यं कमी होतात असं प्रयोगांत दिसलं आहे, तेव्हा आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि लसूण लावून तासभर मुरवा आणि भाजण्याआधी पुसून घ्या. रोज खाऊ नका, हे सांगायला नको. मटणाच्या भावानं ती व्यवस्था केलेलीच आहे.

आपल्या मटणाला हे जमेल का?

सगळ्या नाही. व्हिडिओतला तुकडा जनावराच्या कमी हलणाऱ्या, मऊ भागाचा असतो. आपण खाटकाकडून आणतो ते रश्श्याचं, हाडासकट तोडलेलं मटण. त्यातले चिवट पांढरे धागे विरघळायला तासभराचं मंद शिजणं लागतं. दोन मिनिटांच्या निखाऱ्यानं ते जास्तच आक्रसतात, आणि मग चघळत बसा. इथे चालतात ती बरगडीची चाप, बोटभर जाड. कच्च्या पपईचा कीस लावून ठेवला तर आणखी बरं, पण पुसायचं विसरू नका. गावात बोकड पडला की काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून मीठ लावून खाणारी मंडळी असतातच. काळीज मऊ असतं, पातळ असतं, त्यांची निवड शास्त्राला धरून आहे. मात्र तेही आतपर्यंत भाजलं पाहिजे, गुलाबी ठेवायचं नाही.

कोंबडी मी थेट निखाऱ्यावर ठेवणार नाही. अखंड मटणाच्या तुकड्यात जंतू बहुतेक बाहेरच्या अंगावर असतात, ते भाजून मरतात. कोंबडी हाडापर्यंत ७४ अंश तापली पाहिजे, आणि तोवर बाहेरचा कोळसा झालेला असतो. खिम्याचंही तसंच, दळताना बाहेरचं आत गेलेलं असतं. कोंबडीला अलिबागकडची पोपटीच बरी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि जाळ मडक्याच्या बाहेर. तिथे मडकं मध्यस्थी करतं.

मालवणी मसाला आधी लावू नका. मिरची निखाऱ्यावर पडली की असा ठसका उठतो की पाहुणे अंगणाबाहेर जातात, आणि वाटप लावलं तर तेच आधी करपतं. फक्त मीठ. मसाला तेलात परतून नंतर वर घाला.

ताजा बांगडा मात्र यासाठीच जन्माला आलाय. त्याची कातडी म्हणजे आयतं वेष्टण. ती काळी झाली तरी सोलून टाकायची असते, आत मांस स्वतःच्या तेलात शिजलेलं. काट्यापासून सहज सुटलं की झालं.

एक गोष्ट घरात नाही

निखारा धूर करत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण धुमसताना तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. फ्लॅटच्या बंद गॅलरीत, पावसात ओढून घेतलेल्या पडवीत, गाडीच्या डिकीत विझत ठेवलेली शेगडी, सगळं सारखंच. बाळंतिणीच्या खोलीत दारंखिडक्या लावून शेकासाठी निखारे ठेवायची आपली जुनी रीत आहे. तिथे निदान एक खिडकी उघडी राहू द्या, आणि आई-बाळ झोपायच्या आत शेगडी बाहेर न्या.

किनाऱ्यावर भाजणार असाल तर निघताना निखाऱ्यांवर वाळू ढकलू नका. वाळूखाली ते तासन्‌तास धग धरून राहतात, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी त्याच जागेवरून कुणाचं तरी पोर अनवाणी पळत येतं. समुद्र दहा पावलांवर असतो. बादलीभर पाणी ओता, काठीनं ढवळा, आणि वाफ येईनाशी होईपर्यंत पुन्हा ओता.